तीन प्रांतांचा संन्यासी

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि भगव्या वस्त्रांतील एका संन्याशाच्या प्रतिमेला हार घातला जातो. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ पासून त्यांचे नाव आहे. तरीही पुण्या-मुंबईच्या वाचकाला स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, यापलीकडे फारशी माहिती नसते. एका संस्थानाला भारतात आणण्यासाठी झगडलेल्या या माणसाने पुढे त्याच संस्थानाचे तीन तुकडे करण्याचा आग्रह धरला, ही गोष्ट तर बहुतेकांच्या विस्मरणातच गेली आहे.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. हे गाव निजामाच्या हद्दीबाहेरचे, मुंबई इलाख्यातले आणि आज कर्नाटकातले. वडील शिक्षक होते. घरची स्थिती बेताची. लोकमान्य टिळकांच्या निधनाचा या विद्यार्थ्याच्या मनावर खोल परिणाम झाला आणि अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय त्याने त्याच वयात केला. असहकाराच्या काळात सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवून त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेतली. नंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करताना प्रकृतीने दगा दिला. त्या आजारपणानंतर ते निजामाच्या राज्यात आले, ते तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत.

या शाळेचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचे हैदराबाद पाहावे लागते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार आणि १९४१ च्या जनगणनेनुसार एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले हे देशातील सर्वांत बलाढ्य संस्थान होते. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगूभाषक, पाच मराठीभाषक, तीन कानडीभाषक. राज्यकारभार मात्र उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सभा घ्यायची तर परवानगी हवी, खासगी शाळा काढायची तरी परवानगी हवी. अशा राज्यात मराठीतून शिकवणारी शाळा चालवणे हे सरकारच्या दृष्टीने राजकारणच होते, आणि त्यात सरकारचे फारसे चुकतही नव्हते! बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना येथेच मिळाले. येथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे नाव मागे पडले. १९३५ मध्ये ही मंडळी अंबाजोगाईला गेली आणि योगेश्वरी विद्यालयाचा कारभार त्यांनी हाती घेतला. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची एक पिढी या दोन शाळांनी घडवली.

राजकारण तोवर भाषावार चालत होते. तेलुगू भागात आंध्र महासभा होती; १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले; कानडी भागात कर्नाटक परिषद उभी राहिली. तिन्ही संस्था नेमस्त वळणाच्या. आपापल्या भाषेच्या शाळा आणि नागरी हक्क यांपुरत्याच त्यांच्या मागण्या असत. या तीन प्रवाहांना एकत्र आणून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचा विचार १९३८ मध्ये पुढे आला आणि स्थापनेपूर्वीच, सप्टेंबरमध्ये, सरकारने संघटनेवर बंदी घातली. वाद नावाचाही होता. काँग्रेस हे नाव सोडा, मग पाहू, असा सरकारचा सूर होता आणि काही नेमस्त पुढारी तडजोडीला तयार होते. स्वामीजी तयार नव्हते. एका शब्दासाठी एवढा ताण कशाला, असे आज वाटू शकेल. पण हैदराबादची रयत ही निजामाची प्रजा की भारतीय जनतेचा भाग, हा सगळा तंटा त्या एका शब्दात साठला होता. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचे आंदोलनही चालू असल्याने दोन्ही लढ्यांची सरमिसळ होऊ लागली. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह स्थगित झाला. कार्यकर्त्यांना तो निर्णय बोचला. मात्र लढा राज्यपद्धतीविरुद्ध आहे, कोणत्याही धर्माविरुद्ध नाही, ही रेघ स्वामीजींनी पुढेही सोडली नाही.

बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये. त्यानंतरच्या निवडणुकीत नेमस्त गटाचे बूर्गुल रामकृष्ण राव यांना निसटत्या मतांनी हरवून स्वामीजी अध्यक्ष झाले. संघटना किती दुभंगलेली होती, याची कल्पना त्या निकालावरून येते. जून १९४७ मधील अधिवेशनात भारतात विलीन होण्याची मागणी झाली. १५ ऑगस्टला देश स्वातंत्र्य साजरे करीत असताना हैदराबादेत तिरंगा फडकावला म्हणून स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर अखेरीस जैसे थे करार झाल्यावर ते सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा गजाआड गेले.

त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. लढा सर्वांत तीव्र झाला तेव्हा लढ्याचा नेता बाहेर नव्हताच. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे त्रस्त केली असताना दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृती समितीने काम सांभाळले. सोलापूर, उमरखेड, मनमाड अशा सीमेवरच्या ठिकाणी शिबिरे उघडली गेली; सशस्त्र प्रतिकारही झाला. भगव्या वस्त्रांतील अध्यक्षाला हे सारे कितपत मानवले असेल, असा प्रश्न पडतो; परंतु सहकाऱ्यांना त्यांनी कधी वाऱ्यावर सोडले नाही. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच स्वामीजींची सुटका झाली.

मुक्तिदिनाच्या भाषणांत पुढचा भाग सहसा येत नाही. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिमांवर सूडाचे भीषण हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज नोंदवला आणि तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. धर्मनिरपेक्ष लढ्याचा वारसा सांगताना ही नोंदही करायलाच हवी.

विलीनीकरणानंतर सत्तेची पदे इतरांकडे गेली. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते स्वामीजींचे जुने प्रतिस्पर्धी बूर्गुल रामकृष्ण राव. गोविंदभाईंसारखे डाव्या विचारांचे सहकारी काँग्रेसपासून दूर गेले. स्वामीजी लोकसभेत गेले. १९५२ मध्ये कानडी भागातील गुलबर्ग्यातून, १९५७ मध्ये मराठी भागातील औरंगाबादेतून.

याच काळात त्यांनी हैदराबाद राज्याच्या त्रिभाजनाची बाजू लावून धरली. पंडित नेहरूंना हे राज्य मोडावेसे वाटत नव्हते. अनेक भाषा आणि दोन धर्मांच्या संमिश्र संस्कृतीचा तो नमुना आहे, अशी त्यांची धारणा होती. स्वामीजींचे म्हणणे वेगळे होते. ती एकजूट लोकांनी घडवलेली नव्हती, सिंहासनाने बांधून ठेवलेली होती. लोकांना त्यांच्या भाषेत कारभार मिळाला तरच लोकशाही त्यांच्या दारापर्यंत पोहोचेल, असे त्यांचे मत होते. आणि हिप्परग्याच्या शाळेत शिकवलेल्या माणसाचे ते असावे, यात नवल नाही. फाजल अली आयोगाने तेलंगण काही काळ स्वतंत्र ठेवण्याची शिफारस केली होती, ती बाजूला पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. १ मे १९६० ला तो महाराष्ट्राचा भाग झाला. पुढची कटुताही विसरता येत नाही. मराठवाड्याच्या अनुशेषाचा प्रश्न चिघळत राहिला आणि तेलंगण तर २०१४ मध्ये आंध्रापासून वेगळे झाले.

राज्ये वेगळी झाली तरी स्वामीजींनी हैदराबाद सोडले नाही. खादी आणि रचनात्मक कार्यात ते रमले, लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. त्यांना गुरू मानणाऱ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. वंदे मातरम् प्रकरणात उस्मानिया विद्यापीठ सोडावे लागलेला हा तेलुगू तरुण उत्तम मराठी जाणत होता. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये तो देशाचा पंतप्रधान झाला. ते पाहायला स्वामीजी नव्हते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादमध्येच त्यांचे निधन झाले.