ओटा कुणाच्या उंचीचा?

पायाने दाबलं की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो. हात खरकटे असोत की कणकेचे, झाकणाला बोट लावावं लागत नाही. फ्रिजचं दार उघडलं की दारातच बाटल्या, अंडी, लोणी ठेवायला कप्पे असतात. रोज वापरतो आपण या वस्तू, पण कुणाच्या डोक्यातून आल्या असतील हा विचार कधी मनात येत नाही. या दोन्हींचं श्रेय ज्या बाईला दिलं जातं, तिला स्वतःला स्वयंपाकाची फारशी आवड नव्हती आणि फारसा येतही नव्हता! बारा मुलांची आई, इंजिनीअर आणि मानसशास्त्रातली पीएच.डी. असलेल्या या बाईचं नाव लिलियन गिलब्रेथ. मैत्रिणींनो, आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

लिलियनचा जन्म 24 मे 1878 चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ऑकलंड इथला. माहेर खाऊनपिऊन सुखी, भावंडं पुष्कळ आणि ही सगळ्यांत थोरली. स्वभावाने बुजरी, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी. मुलींना कॉलेज कशाला, हे वडिलांचं मत. आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं हे वाक्य सातासमुद्रापलीकडेही तसंच होतं म्हणायचं! पण लिलियनने हट्ट सोडला नाही. बर्कलीच्या विद्यापीठातून 1900 साली तिने साहित्यात पदवी घेतली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात तिचं भाषण झालं, आणि तिथे असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पुढे 1902 मध्ये तिने एम.ए. केलं. मीही आर्ट्सचीच पदवीधर, त्यामुळे साहित्य शिकलेली मुलगी पुढे इंजिनीअरांच्या पंगतीत मानाने बसली, हे वाचताना मला भारी अभिमान वाटला.

1904 साली तिचं फ्रँक गिलब्रेथशी लग्न झालं. फ्रँक मूळचा गवंडी. कॉलेजात न जाता विटा रचायला शिकला आणि पुढे मोठा बांधकाम ठेकेदार झाला. काम शिकताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंडी वेगळ्या तऱ्हेने वीट लावतो आणि प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकतो. दिवसाला शेकडो वेळा! म्हणून त्याने अशी परांची केली, की भिंत चढेल तशी तीही वर घेता येईल आणि विटा गवंड्याच्या हाताशी राहतील. एका विटेमागे अठराच्या आसपास हालचाली लागत, त्या पाचापर्यंत आल्या. माणूस तोच, वीटही तीच. बदलली ती फक्त विटा ठेवायची उंची.

लग्नानंतर हे काम दोघांचं झालं. त्या काळी कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीचा बोलबाला होता. साहेब हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभा राहायचा आणि काम किती वेळात झालं पाहिजे ते ठरवायचा. कामगारांना त्याचा संताप यायचा. गिलब्रेथ दांपत्याने घड्याळापेक्षा हालचालींकडे पाहिलं. कामाचं चित्रीकरण करायचं, ते कामगारालाही दाखवायचं आणि कुठली हालचाल वाया जाते ते शोधायचं. यात माणसाच्या मनाचा विचार लिलियनने आणला. कामगार थकतो कशाने, कंटाळतो कशाने, त्याच्या सूचना कुणी ऐकतं का, हे प्रश्न तिचे. काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय कामाची पद्धत ठरवू नये, हा धागा तिने जन्मभर सोडला नाही.

यावर तिने 'व्यवस्थापनाचे मानसशास्त्र' या विषयाचं पुस्तक लिहिलं. ते 1914 मध्ये छापलं गेलं, पण लेखकाच्या जागी नुसतं एल. एम. गिलब्रेथ! व्यवस्थापनावरचं पुस्तक बाईने लिहिलंय हे कळलं तर ते कोण विकत घेणार, अशी प्रकाशकाला धास्ती. पुढच्याच वर्षी, 1915 मध्ये, घरात लहान लहान मुलं असताना तिने ब्राऊन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

घरही कारखान्यासारखंच गजबजलेलं होतं. एकूण बारा मुलं. त्यातली मेरी 1912 मध्ये घटसर्पाने गेली. तेव्हा त्या आजाराला आजच्यासारखी लस नव्हती. उरलेली अकरा मोठी झाली. घरकामाच्या वाटण्या मुलांना धरून बसवून, चर्चा करून ठरायच्या. मुलांना मत द्यायचाही अधिकार असायचा. पुढे त्यातल्याच दोघांनी या घराच्या गमतीजमती 'चीपर बाय द डझन' या पुस्तकात लिहिल्या. ते 1948 मध्ये आलं, खूप गाजलं आणि 1950 मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. गंमत अशी की त्यामुळे जगाला ती बारा मुलांची आई म्हणूनच जास्त ठाऊक झाली. तिचं काम मागे राहिलं.

14 जून 1924 हा दिवस मात्र काळा ठरला. फ्रँक रेल्वे स्टेशनवरून लिलियनशी फोनवर बोलत होता. बोलता बोलताच तो कोसळला आणि गेला. पंचावन्न वर्षांचा होता. मागे अकरा मुलं, सगळ्यांत धाकटी अवघी दोन वर्षांची. काही दिवसांतच युरोपात त्याची भाषणं ठरलेली होती. लिलियनने काय करावं? घरात रडत बसायचे ते दिवस, पण ती बोटीत बसली, युरोपात गेली आणि त्याच्या जागी बोलून आली.

परत आल्यावर खरा धक्का बसला. वर्षानुवर्षं दोघांचा सल्ला घेणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक करार बंद केले. नवरा होता तोवर हिची बुद्धी चालत होती; एकट्या बाईने कारखान्यात येऊन आम्हाला काय शिकवावं, असा तो हिशोब. आपल्या संस्थेत येणाऱ्या कितीतरी विधवा बहिणी मला इथे आठवतात. नवऱ्याबरोबर दुकान चालवलेलं असतं, शेती केलेली असते, सगळे व्यवहार तोंडपाठ असतात. पण तो गेला की व्यापारी एकदम धाकट्या दिराशी बोलायला लागतो!

लिलियनने मग असा मार्ग काढला की जिथे बाईला नाही म्हणणं कंपन्यांना जड जाईल. घर आणि बायकांच्या वापरातल्या वस्तू. 1926 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने तिला सॅनिटरी नॅपकिनचा अभ्यास करायला सांगितलं. या विषयावर तेव्हा कुणी मोठ्याने बोलतही नसे. तिने हजारावर बायकांची मतं मिळवली. बाजारातले नॅपकिन फार मोठे, जाड आणि टोचणारे आहेत, हे त्यातून उघड झालं. यात आश्चर्य काय? ज्यांना ते कधी वापरायचे नव्हते, त्या पुरुषांनी ते बनवले होते. वापरणारणीला विचारावं, हे तोवर सुचलंच नव्हतं.

मग आलं स्वयंपाकघर. ब्रुकलिनमध्ये घरोघरी गॅस पुरवणारी एक कंपनी होती आणि तिच्या अध्यक्ष होत्या मेरी डिलन, म्हणजे एक स्त्रीच. त्यांच्यासाठी लिलियनने 1929 मध्ये एक नमुना स्वयंपाकघर उभं केलं. स्टोव्ह, ओटा, फडताळ, फ्रिज यांची अशी गोलाकार मांडणी, की बाई मधे उभी राहिली तर सगळं हाताच्या अंतरावर. सोबत चाकांचं एक छोटं टेबल, हवं तिथे ढकलत न्यायला. दोन्ही तऱ्हेच्या स्वयंपाकघरांत एकच स्ट्रॉबेरीचा केक करून पाहिला. जुन्या पद्धतीत 281 पावलं चालावं लागलं, नव्या मांडणीत 45. केक तोच, करणारीही काही जादूगार नव्हती.

पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी तिने चार हजारांहून जास्त स्त्रियांशी बोलून स्टोव्ह आणि भांडी घासायचं सिंक किती उंचीवर असावं ते तपासलं. 1933 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिने आखलेलं गृहिणीचं एक टेबलही मांडलं होतं. फोन, हिशोब आणि घराची कागदपत्रं एका जागी. घर चालवणं हेही डोक्याचं काम आहे आणि त्याला स्वतःची जागा हवी, हे त्यातून तिने सांगितलं. आपल्यापैकी किती जणींकडे आजही स्वतःचा असा एक खण असतो?

स्वयंपाक न येणाऱ्या बाईने हे कसं केलं? मला वाटतं, येत नव्हता म्हणूनच जमलं. मला सगळं कळतं, असं समजून ती कुणाच्या घरात गेली नाही. करणारीला विचारायचं, तिच्या हालचाली पाहायच्या आणि मग वस्तू तिच्याप्रमाणे बदलायची. ओट्याची उंची सगळ्यांना एकच असू शकत नाही, बाईच्या उंचीप्रमाणे ती ठरली पाहिजे, हे तिचं सांगणं होतं. पण कारखानदारांना एकाच मापाचा माल काढणं सोपं. हळूहळू अमेरिकेत 36 इंच, म्हणजे तीन फुटांचं माप पक्कं झालं. तिच्या संशोधनातलं मांडणीचं गणित सगळ्यांनी उचललं. वापरणारीला माप ठरवू द्या, हा भाग मात्र सोयीने गाळला.

1935 मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली, तिथल्या इंजिनीअरिंग शाखेतली पहिली स्त्री प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने हृदयविकार झालेल्या आणि अपंग स्त्रियांसाठी स्वयंपाकघरं आखली. बसून काम करता येईल, वाकावं लागणार नाही, जड उचलावं लागणार नाही, अशी. आजारी बाईला स्वयंपाकघरातून बाजूला सारण्यापेक्षा स्वयंपाकघरच तिच्यासाठी बदलायचं! 1965 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवड झालेली ती पहिली स्त्री. 1966 मध्ये हूव्हर पदक मिळालं, तेही स्त्रियांमध्ये पहिलंच. 2 जानेवारी 1972 रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

तिने वाचवलेला वेळ पुन्हा चार कामं करण्यासाठी नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. वाचलेली मिनिटं ही त्या बाईच्या सुखाची, असं ती मानायची. घरकाम नवऱ्याने आणि मुलांनीही वाटून घ्यावं, हेही तिने लिहून ठेवलंय.

गेली काही वर्षं बचत गटाच्या कामात मला लिलियनची वारंवार आठवण येते. पूर्वी एका योजनेतून आमच्या भागात बिनधुराच्या चुली वाटल्या होत्या. हेतू चांगलाच होता. पण चुलीचं तोंड इतकं लहान, की भाकरीचा तवा नीट बसेना आणि भाकरी निखाऱ्यापुढे शेकायलाही जागा नाही. महिन्याभरात त्या चुलींवर कोंबड्या बसायला लागल्या. बायका सुधारत नाहीत, असा शेरा मात्र मिळाला. आता मोबाइलचंही तेच चाललंय. पैसे पाठवायचं बटण काल एका जागी होतं, रात्रीतून कुठेतरी दुसरीकडे जातं. अक्षरं बारीक, भाषा अवघड. आणि आमच्या गटातली हिशोबात पक्की असलेली बाई खाली मान घालून म्हणते, मला नाही जमत हे. तिला न जमायला काय झालं? ते तिला विचारून बनवलेलंच नाही! लिलियन असती तर तिने आधी फोनमधली चूक शोधली असती.

म्हणून मैत्रिणींनो, दोन साध्या गोष्टी करा. घर बांधताय किंवा ओटा बदलताय, तर गवंड्याच्या ठरलेल्या मापावर विसंबू नका. ताठ उभ्या राहा, हात कोपरात वाका आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. ओटा त्याहून तीन-चार इंच खाली हवा. कणीक मळायची, पाटा-वरवंट्याची जागा आणखी थोडी खाली, कारण तिथे अंगाचा भार द्यावा लागतो. ओटा झालाच असेल आणि उंच पडत असेल, तर पायाखाली मजबूत, न हलणारी फळी घ्या. बुटका पडत असेल तर परातीखाली जाड पाट घ्या.

दुसरी गोष्ट फोनची. मुलाला दे रे करून, असं म्हणून फोन त्याच्या हातात देऊ नका. फोन आपल्या हातात ठेवा आणि त्याला नुसतं सांगू द्या. अक्षरं मोठी करायची आणि भाषा मराठी करायची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती शोधून घ्या. जे अडतं ते वहीत लिहून ठेवा आणि बँकेत, पंचायतीत, गटाच्या बैठकीत मोठ्याने सांगा. चार हजार बायका बोलल्या, तेव्हा लिलियनला सिंकची उंची कळली. आपण गप्प राहिलो तर आपलं माप कुणाला कळणार?