परक्या मुलखातला सातारचा वकील

रमजानच्या रोज्यांतून आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत आहे. राहिलेले रोजे त्यांनी पुढे पुरे करायचे. विमानाने सकाळी निघून दुपारी दुबईत पोचणाऱ्याला ही सवलत जरा जास्तीची वाटेल. पण मुसाफिरी माणसाची किती कसोटी पाहते, हे सातारच्या रंगो बापूजी गुप्ते यांच्या आयुष्यात दिसते.

वकील हा अरबी शब्द. ज्याच्यावर आपले काम भरवशाने सोपवावे तो वकील. मराठेशाहीत वकील म्हणजे धन्याची बाजू घेऊन परदरबारी जाणारा माणूस. रंगो बापूजी हे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे असे वकील होते.

१८१९ च्या तहाने इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या जतचे डफळे, फलटणचे निंबाळकर, वाईचे शेख मिरा हे त्यांचे जहागीरदार. तहात एक अट होती: कंपनीला वगळून कुणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. त्याच अटीने पुढे घात केला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, कंपनीचे शिपाई फितवले, असे आरोप आले. गुन्हा कबूल करा आणि गादी राखा, असा प्रस्ताव गव्हर्नर कार्नाक यांनी ठेवला. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये रात्रीच त्यांना वाड्यातून काढून लिंब गावी नेले आणि पुढे काशीला धाडले.

दाद मागायची ती विलायतेत. आधी गेलेल्या वकिलांत सय्यद मीर अफजल अली होते. छत्रपतींची फिर्याद समुद्रापार नेणाऱ्यांत एक सय्यद असावा, यात त्या दरबाराला नवल वाटले नसणार. नवल वाटते ते आज आपल्याला. पाठोपाठ रंगो बापूजी गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानणारा तो काळ. सुएझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षे होती.

लंडनला पोचल्यावर खरी अडचण सुरू झाली. ज्याची गादी गेली त्याचा वकील कसला? कंपनीच्या संचालकांनी त्यांना वकील मानायलाच नकार दिला. तक्रार असेल तर हिंदुस्थानातल्या सरकारमार्फत पाठवा, हा कंपनीचा खाक्या. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध फिर्याद, त्यांच्याच हातात अर्ज द्यायचा. खर्चाला पैसा यायचा तो काशीहून, कैदेतल्या राजाकडून. सोबतचे वकील माघारी फिरले. रंगो बापूजी एकटे राहिले.

वकील म्हणून दार बंद होते, तेव्हा त्यांनी दुसरे दार शोधले. कंपनीच्या भागधारकांना सभेत बोलण्याचा हक्क होता. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्प्सन यांनी साताऱ्याचा प्रश्न तिथे लावून धरला. रंगो बापूजी इंग्रजीत निवेदने छापून वाटत राहिले. लोकांनी ऐकले, निकाल बदलला नाही.

१८४७ मध्ये महाराज काशीत वारले. ज्याने काम सोपवले तोच उरला नाही. घरी परतायला याहून मोठे कारण कुठले? पण महाराजांच्या दत्तक मुलाचा हक्क शिल्लक होता. १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले, तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षे तिथेच लढत राहिले. कर्ज डोक्यावर चढले. अखेर १८५३ मध्ये कंपनीनेच कर्ज फेडून त्यांना परत पाठवले. त्याच सुमारास नानासाहेब पेशव्यांची फिर्याद घेऊन अजीमुल्ला खान लंडनला आले होते. दोघांची तिथे भेट झाल्याचे इतिहासकार सांगतात. अजीमुल्लांनाही रिकाम्या हातीच परतावे लागले.

त्यानंतर रंगो बापूजींनी अर्ज लिहिणे सोडले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीला आली. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र निसटले आणि कंपनीच्या हाती कधीच लागले नाहीत.