पाच पौंडांचे दुकान

आपल्याकडे जत्रेच्या दिवसांत देवळाबाहेर चादर अंथरून पोथ्या, आरत्या आणि पंचांगे विकणारा मनुष्य कोणी पाहिला नाही? इंग्लंडातही अठराव्या शतकात नवे वर्ष जवळ आले की असे फिरते विक्रेते रस्त्यारस्त्यांतून पंचांगे विकत. सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन गावी या विक्रेत्यांत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मिसळला, आणि त्याचा माल इतका खपू लागला की इतर विक्रेते संतापले. मुलाला कोणी मारहाण करील की काय, ही बापाला धास्ती. मुलाला मात्र आपल्या चपळ पायांचा भरवसा होता. तो त्यांच्या हाताला लागेल इतका जवळ कधी गेलाच नाही. या मुलाचे नाव जेम्स लॅकिंग्टन.

त्याचा जन्म १७४६ साली झाला. बाप जोडे शिवणारा, हाताचा कसबी, पण दारूच्या आहारी गेलेला. आईने कष्टाने संसार रेटला. थोडे दिवस जेम्सला शाळेत धाडले, परंतु पाठीवरच्या भावंडांची संख्या वाढली आणि फीचे पैसे देणे अशक्य झाले; जे काही शिकला होता तेही तो विसरून गेला. पंचांगांच्या आधी तो एका भटारखानेवाल्याचे सफरचंदाचे सारण भरलेले पदार्थ रस्त्यावर ओरडून विकत असे. चौदाव्या वर्षी त्याला टाँटन येथे एका मोच्याकडे उमेदवार म्हणून ठेवले. तेथे मेथॉडिस्ट पंथाच्या उपदेशकांची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि बायबल स्वतः वाचावे अशी त्याला तळमळ लागली. आठवड्याला हाती पडणारे तीन अर्धपेन्स मालकाच्या मुलांना देऊन तो त्यांच्याकडून अक्षरे जुळवायला शिकला. शिष्य वयाने मोठा आणि गुरू धाकटे, अशी ही शाळा!

पुढे ब्रिस्टल शहरी तो आणि त्याचे काही सोबती एकत्र राहून जोडे शिवीत. रात्री जेमतेम तीन तास झोप. एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत टाके घालावेत, असा त्यांचा क्रम असे. जुन्या पुस्तकांच्या मांडणीपुढे उभे राहिल्यावर मात्र त्यांची पंचाईत होई. कोणत्या पुस्तकाचे नाव काय आणि ते कोणी लिहिले हेच ठाऊक नसल्यामुळे विचारण्याची लाज वाटे. ज्ञानाच्या दाराशी गरीब मनुष्य किती प्रकारांनी अडतो, हे त्याने असे स्वतः अनुभवले होते. या गोष्टीचा पुढे उपयोग झाला.

१७७३ साली तो लंडनला आला तेव्हा त्याच्या खिशात अर्धा क्राऊन होता. थोड्याच दिवसांत पत्नी नॅन्सी हिलाही त्याने बोलावून घेतले. नाताळच्या आदल्या दिवशी घरात पुन्हा तेवढेच एक नाणे उरले होते. सणाचे जेवण आणावयास म्हणून तो बाहेर पडला आणि परतला तो यंग या कवीचे 'नाइट थॉट्स' हे काव्य घेऊन! जेवण उद्या संपले असते, काव्य जन्मभर पुरेल, असे त्याने पत्नीला समजावले. पत्नीचे पोट या युक्तिवादाने भरले असेल असे मला वाटत नाही. तरी तिने ते सोसले, हे तिच्या थोरपणाचे द्योतक होय.

१७७४ च्या जूनमध्ये फेदरस्टोन स्ट्रीटवर एक लहानसे दुकान भाड्याने मिळत होते. मोचीकामाच्या जोडीला जुनी पुस्तके विकावीत, असे त्याने ठरविले. एक गिनी देऊन पोतेभर जुनी धर्मविषयक पुस्तके घेतली. त्यांत स्वतःची थोडी पुस्तके आणि कातड्याचे तुकडे मिळवले. सर्व मालाची किंमत सुमारे पाच पौंड! मेथॉडिस्ट मंडळींचा एक निधी असे. त्यातून पंथातील सचोटीच्या मनुष्यास तीन महिन्यांकरिता बिनव्याजी रक्कम मिळे. लॅकिंग्टनने तेथून पाच पौंड उचलले आणि सगळेच पुस्तकांत घातले. सहा महिन्यांत माल पंचवीस पौंडांचा झाला. त्या वेळी तो इतका कडवा होता की पाखंडी म्हणून गणलेले पुस्तक हाती आले तर विकण्याऐवजी विस्तवात टाकी.

१७७५ साली तापाच्या साथीत नॅन्सी गेली. तोही त्याच तापाने अंथरुणाला खिळलेला होता. तिचे अंत्यदर्शनही त्याला घडले नाही. शुश्रूषेला ठेवलेल्या बायांनी घरातील चीजवस्तू लुबाडल्या. मित्रांनी वेळीच दुकानाला कुलूप घातले म्हणून पुस्तके तेवढी वाचली. पुढील वर्षी त्याने डॉर्कस टर्टन हिच्याशी विवाह केला. ती शाळा चालवून वृद्ध पित्याला पोशीत असे आणि तिला वाचनाचे वेड होते. दुकानाचे काम तिने आवडीने अंगावर घेतले.

दुकान आता चिझवेल स्ट्रीटवर गेले होते. एका भागीदाराच्या भांडवलामुळे १७७९ साली बारा हजार पुस्तकांची यादी छापून निघाली. परंतु भागीदारी मोडली आणि १७८० पासून लॅकिंग्टनने असा नियम केला की, गिऱ्हाईक सरदार असो वा मजूर, उधारी नाही. लंडनच्या व्यापारात तेव्हा सहा-सहा महिने बिले थकत आणि कित्येक बुडत. तो तोटा भरून काढण्यासाठी किमती चढवीत. म्हणजे बुडव्यांचे देणे प्रामाणिक गिऱ्हाईक फेडीत असे. उधारीच नसल्यामुळे त्याने प्रत्येक पुस्तकावर कमीत कमी किंमत लिहून ठेवली, घासाघीस बंद. लोक चिडले, काही गिऱ्हाइके तुटली, पण तो डगमगला नाही.

याहूनही धाडसाची गोष्ट पुढेच आहे. न खपलेल्या प्रतींचे ढीग प्रकाशक आपसांतील लिलावात विकत. घेणाऱ्या दुकानदाराने त्यांतील निम्म्या किंवा पाऊण प्रती नष्ट कराव्यात आणि उरलेल्या पूर्ण किमतीस विकाव्यात, असा व्यापाऱ्यांचा शिरस्ता होता. जो हा शिरस्ता मोडील त्याला लिलावात पाऊल ठेवू देऊ नये असाही दंडक. लॅकिंग्टनने प्रथम काही काळ हा प्रकार पाळला. मग त्याच्या मनात आले की, ज्यांना पूर्ण किंमत परवडत नाही असे लोक कमी किमतीत ही पुस्तके आनंदाने नेतील. त्याने नासाडी थांबवून सगळ्याच प्रती स्वस्तात विकल्या. व्यापारी खवळले, त्याला लिलावातून घालवू पाहू लागले. पण हजारो प्रती रोखीने घेणारा मनुष्य दूर लोटणे त्यांनाही परवडेना. सणाच्या जेवणाऐवजी पुस्तक घेणारी माणसे लंडनात किती असतील, याचा अंदाज त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे वर्षाला एक लाखावर पुस्तके खपू लागली. १७९१ चा नफा चार हजार पौंड होता. मग फिन्सबरी चौकात त्याने घुमटाची भव्य इमारत घेतली आणि तिला सरस्वतीचे मंदिर म्हणावे अशा अर्थाचे नाव दिले. मधले गोलाकार टेबल एवढे प्रशस्त होते की उद्घाटनाच्या वेळी चार घोड्यांची टपालगाडी त्याभोवती फिरवून दाखविली. वरच्या सज्ज्यांत जसजसे चढावे तसतशी पुस्तके फाटकी आणि किंमत उतरती. मालक गावात असला की घुमटावर निशाण फडके. जगातील सर्वांत स्वस्त दुकान अशी पाटी लावणे, आपला मुखवटा असलेली नाणी पाडणे, हा बडेजाव त्याला शोभला असे म्हणवत नाही.

१७९१ च्या आत्मचरित्रात त्याने मेथॉडिस्टांची यथेच्छ टवाळी केली. ज्यांच्या पाच पौंडांवर दुकान उभे राहिले त्यांचीच ही थट्टा! १७९८ साली धंदा नातलगाच्या हाती देऊन तो निवृत्त झाला, पुन्हा त्याच पंथाकडे वळला आणि १८०४ साली आणखी एक पुस्तक लिहून त्याने त्या टवाळीबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. जवळचा पैसा त्याने प्रार्थनामंदिरे बांधण्यात घातला. डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टन या समुद्रकाठच्या गावी १८१५ साली तो वारला. लंडनचे ते दुकान १८४१ मध्ये आगीत भस्मसात झाले. बडली सॉल्टर्टन येथे त्याने बांधलेल्या प्रार्थनामंदिरालाही त्याने दुकानाचेच अर्धे नाव दिले होते: नुसते 'टेंपल', म्हणजे मंदिर.