टोचलेल्या कानांची आई, पण लेकीचे कान कोरे, असे का? ऑगस्ट वाइजमान यांनी शोधले उत्तर

दारव्हा : लेकीचे कान टोचायला सोनाराकडे येणाऱ्या आईचे कान टोचलेले असतात. आजीचे, पणजीचेही होते. तरी दरवेळी बाळ कोरे कान घेऊनच जन्माला येते. यामागचे कारण जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमान यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले.

कोण होते वाइजमान?

जन्म 17 जानेवारी 1834, फ्रँकफर्ट. शिक्षण डॉक्टरकीचे, ओढ प्राणिशास्त्राची. 1863 पासून ते फ्रायबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. थोड्याच काळात डोळ्यांनी दगा दिला. सूक्ष्मदर्शकाचे काम वारंवार थांबले, वाचनासाठी इतरांची मदत लागू लागली. मग त्यांनी सिद्धांताकडे मोर्चा वळवला.

901 पिल्ले, सगळी शेपटीवाली

शरीराने आयुष्यात कमावलेले बदल संततीत उतरतात, असे तेव्हा डार्विनसह अनेकांना वाटे. वाइजमान यांनी 1887 मध्ये पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पाच पिढ्यांत 901 पिल्ले झाली. एकही बिनशेपटीचे नव्हते. त्यांचे म्हणणे असे : शरीराच्या पेशी वेगळ्या आणि अंडी-शुक्राणू तयार करणाऱ्या जननपेशी वेगळ्या. वारसा फक्त जननपेशींतून पुढे जातो. 1892 मध्ये हा सिद्धांत ग्रंथरूपात आला.

चुकले कुठे?

शरीराच्या पेशींना वारशाचा थोडाच वाटा मिळतो, असे ते मानत. प्रत्यक्षात शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत संपूर्ण डीएनए असतो. मग जननपेशी वेगळी कशी ठरते? डीएनएवरून आरएनए नावाची ‘चिठ्ठी’ तयार होते. कोणती चिठ्ठी वापरायची, कोणती अडवायची, कोणती नष्ट करायची, हे ठरवण्यात आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचा मोठा हात असतो. उंदरांत ‘नॅनोस-3’ हे प्रथिन नसेल तर जननपेशी गर्भातच नष्ट होतात. ‘डॅझल’ नसेल तर नर-मादी दोघेही वांझ राहतात.

आपल्याशी संबंध काय?

पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर ‘डॅझल’च्याच कुळातले ‘डॅझ’ जनुक असते. ते 1995 मध्ये सापडले. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत हा तुकडा गायब असतो आणि रक्ताच्या तपासणीत ते कळते. म्हणून मूल होत नसेल तर सुनेकडे बोट दाखवण्याआधी दोघांचीही तपासणी हवी.

वाइजमान यांचे 5 नोव्हेंबर 1914 रोजी फ्रायबुर्गमध्ये निधन झाले. जननपेशी वेगळी का, हा त्यांचा प्रश्न आजही प्रयोगशाळांत सुरू आहे.