पाणबुडीचे मास्तर : जॉन हॉलंड

विशाखापट्टणमला आलेला पाहुणा समुद्रकिनाऱ्यावरची 'कुरसुरा' पाहिल्याशिवाय परतत नाही. १९६९ ते २००१ अशी नौदलात सेवा बजावून ही पाणबुडी संग्रहालय झाली. एवढे लोखंड बुडते, ते पुन्हा वर कसे येते, हा बालगोपाळांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे चोख उत्तर शोधणाऱ्यांत अग्रभागी होते एक शाळामास्तर.

जॉन फिलिप हॉलंड यांचा जन्म १८४१ साली आयर्लंडमधील लिस्कॅनर या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. दृष्टी अधू असल्याने दर्यावर्दी होणे जमले नाही, म्हणून ते शिक्षक झाले. इंग्रजांच्या बलाढ्य आरमाराला छोटी बोट पाण्याखालून गाठू शकेल, हा विचार मात्र डोक्यातून जाईना. १८७३ मध्ये ते अमेरिकेला गेले व पॅटरसन गावी पुन्हा शिकवू लागले. १८७५ मध्ये अमेरिकन नौदलाने त्यांचा आराखडा नाकारला, तेव्हा आयरिश क्रांतिकारक फेनियनांनी पैसा पुरवला. १८७८ मध्ये साडेचौदा फुटांची पहिली बोट घेऊन मास्तर स्वतः नदीत उतरले. १८८१ मध्ये 'फेनियन रॅम' तयार झाली. पुढे पैशावरून तंटे झाले आणि १८८३ मध्ये फेनियनांनीच ती बोट पळवून नेली. चालवता मात्र कोणालाच येईना!

आता थोडे शास्त्र. बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन बोटीइतके असले की ती तरंगते, हे आर्किमिडीजने सांगितलेच आहे. टाक्यांत पाणी भरले की बोट जड होऊन खाली जाते, दाबलेल्या हवेने ते बाहेर ढकलले की वर येते. पण नुसते जड होणे धोक्याचे. पाण्यापेक्षा जराही जड झालेली बोट तळापर्यंत जातच राहते. शिवाय अर्धी भरलेली टाकी म्हणजे डोक्यावरची अर्धी घागर. नाक किंचित झुकले की पाणी पुढे धावते आणि नाक आणखीच झुकते.

हॉलंड यांनी दोन्हींवर उपाय काढला. मुख्य टाक्या काठोकाठ भरायच्या, म्हणजे पाणी हिंदकळणार नाही व गुरुत्वमध्य जागचा हलणार नाही. तरीही बोट पाण्यापेक्षा कणभर हलकीच ठेवायची आणि पंख्याच्या जोरावर, मागच्या आडव्या सुकाणूंनी, माशासारखी तिरकी खाली न्यायची. यंत्र बंद पडले तर ती आपोआप वर येणार. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे मोठेपण इथेच आहे.

१८९७ मध्ये 'हॉलंड-६' पाण्यात उतरली. वर पेट्रोलचे इंजिन, खाली बॅटरीवरची मोटर. ११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकन नौदलाने ती दीड लाख डॉलरना विकत घेतली. पण पेटंटे एव्हाना कंपनीच्या हाती होती. कंपनीने परवाना दिला आणि १९०१ मध्ये इंग्लंडच्या आरमाराची पहिली पाणबुडी हॉलंड यांच्याच आराखड्यावरून पाण्यात उतरली. ज्यांच्याविरुद्ध आयुष्य वेचले, त्यांच्याच पदरी ती पडली. १९०४ मध्ये त्यांनी कंपनी सोडली.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूअर्क येथे त्यांचे निधन झाले. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. सहा आठवड्यांच्या आत, २२ सप्टेंबरला, एकट्या जर्मन पाणबुडीने इंग्रजांच्या तीन क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून अधिक खलाशी त्यात गेले.