आतल्या बाजूची झीज

गाडी पळते कशी याचे कौतुक सगळ्यांना असते. थांबते कशी, याची चौकशी घाट लागल्याशिवाय कोणी करत नाही. आमचा बीड जिल्हा बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसलेला. मांजरसुंब्याचा नाही तर धारूरचा घाट उतरू लागलो की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात आणि सगळ्यांचे लक्ष चालवणाऱ्याच्या पायाकडे लागते. त्या पायाखालच्या ब्रेकची कुळकथा शोधत गेलो आणि एका जर्मन बाईंपाशी येऊन थांबलो. कार्ल बेंझ हे मोटारगाडीचे जनक, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ही गोष्ट त्यांच्या पत्नीची, बर्थाबाईंची. माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. पैसा कोणाचा आणि सही कोणाची, हे आधी पाहण्याची सवय तेव्हापासूनची. बर्थाबाईंचे चरित्रही मी त्याच नजरेने वाचले.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्ट्सहाइम या गावी झाला. वडील बांधकामाच्या व्यवसायातले, घर खाऊनपिऊन सुखी. या जन्माची नोंद घरच्या बायबलात करताना, याही वेळी मुलगीच झाली अशी खंत वडिलांनी लिहून ठेवली होती, असे तिचे चरित्रकार सांगतात. पुढे ती नोंद मुलीच्याच वाचनात आली म्हणे. यावर नाक मुरडण्याचा अधिकार निदान आम्हा बीडकरांना नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. राज्यातला तो नीचांक होता.

बर्थाचे लग्न ठरले ते कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी. हुशारी भरपूर, खिसा रिकामा. १८७१ मध्ये त्यांनी मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर ओतकामाचा छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडण्याच्या बेताला आला. तेव्हा बर्थाने लग्नात मिळायचा आपला माहेरचा वाटा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या पैशातून रिटरचा हिस्सा विकत घेतला गेला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचे लग्न झाले. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर या धंद्यातले पहिले जोखमीचे भांडवल बर्थाबाईंचे होते. कागदोपत्री मालक कार्ल.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. कर्जे थकली, घरात एकामागून एक लेकरे आली, पण कार्ल यांचे इंजिनाचे वेड सुटले नाही आणि बर्थाबाईंनी ते सुटू दिले नाही. १८७९ च्या शेवटच्या रात्री इंजिन पहिल्यांदा नीट चालले. २९ जानेवारी १८८६ रोजी तीन चाकी मोटारगाडीचे पेटंट नोंदवले गेले, एकट्या कार्ल यांच्या नावावर. गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोकांना ते एक गमतीचे खेळणे वाटे. कार्ल यांचा स्वभाव भिडस्त. अजून थोडी सुधारणा करू, मग दाखवू, असे त्यांचे चाललेले.

ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे बर्थाबाईंनी नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली. सोबत पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड. जायचे होते माहेरी, सुमारे १०६ किलोमीटरवर. मोटारीने इतके लांब तोपर्यंत कोणी गेले नव्हते. पेट्रोलपंप हा शब्दही जन्मायचा होता. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात त्यांनी लिग्रॉईन हे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले आणि तेच इंधन म्हणून टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा बंद गुंडाळला. चढ लागला की पोरे खाली उतरून गाडी ढकलत.

खरी परीक्षा उतारावर होती. गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. उतारामागून उतार लागले तसे ते झिजत चालले आणि गाडी आवरेना. दुसऱ्या कोणी दैवाला बोल लावला असता. बर्थाबाईंनी ठोकळे पाहिले आणि झिजते ते लाकूड, म्हणून त्याच्यावर झिजण्यासाठीच दुसरे काही बसवावे, असा सरळ विचार केला. बाऊश्लॉट या गावी चांभाराला गाठून त्यांनी ठोकळ्यांना चामडे ठोकून घेतले. जगातले पहिले ब्रेक लायनर ते हेच, असे मानले जाते. तिघे संध्याकाळी सुखरूप पोचले आणि कार्ल यांना तार गेली. परतल्यावर बाईंनी प्रवासातल्या अडचणी सांगितल्या आणि कार्ल यांनी चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाने गाडीचा बोलबाला झाला, तो वेगळाच.

चामड्यानंतर ब्रेकने बरीच मजल मारली. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेक लायनरचा धंदा सुरू केला, तर १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. आज आपल्या छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांत बहुधा डिस्क ब्रेकच असतात. पण बर्थाबाईंनी केली ती गोष्ट, म्हणजे झीज पाहून कारण ओळखणे, आजही हातानेच आणि डोळ्यांनीच करावी लागते.

मी ज्या मिस्तरींकडे गाडी नेतो, ते काढलेले चार पॅड वर्तमानपत्रावर ओळीने मांडतात: डावे आतले, डावे बाहेरचे, उजवे आतले, उजवे बाहेरचे. मग चष्मा लावून ते वाचायला बसतात. वाचायचे ते असे. चाकातल्या लोखंडी तबकडीच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असते, पण दाबणारा पिस्टन बहुतेक गाड्यांत एकट्या आतल्या बाजूला असतो. तो आतले पॅड दाबतो, आणि कॅलिपर हा सांगाडा दोन पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून धरतो. त्या पिना धुळीने, गंजाने किंवा वंगण सुकून अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. ते पत्र्यापर्यंत झिजते आणि बाहेरचे जवळजवळ नवे राहते. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला दिसते ते मात्र बाहेरचेच. पॅड तिरके झिजले असेल तर दोन पिनांपैकी एक अडकली असण्याचा संभव असतो. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा जास्त गेले असतील, तर पिस्टन परत सरकत नसेल किंवा ब्रेक ऑइलची रबरी नळी आतून फुगून दाब अडवून धरत असेल. अशा वेळी ते चाक जास्त तापते आणि गाडी एका बाजूला ओढते.

नुसते नवे पॅड घालून दिले की गिऱ्हाईक खूष होते, पण थोड्याच दिवसांत तेच पॅड पुन्हा तसेच झिजते. दोष पॅडमध्ये नसतोच. पिना काढून साफ कराव्या लागतात, त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे लागते, फाटलेली रबरी टोपणे बदलावी लागतात. आणि पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम.

हे समजून घेताना मला आमच्या जिल्ह्यातला कोयता आठवला. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल जोडीवर मिळते, बोलणी बहुधा पुरुषाशी होतात. ऊस दोघांनी तोडायचा. पण पहाटेची भाकर, पाणी आणि लेकरे एकटीकडे. हिशेबात दोघे सारखे दिसतात, बाहेरच्या पॅडसारखे. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे आतली झीज राज्याने पाहिली. त्या बायका कमकुवत होत्या असे म्हणणे सोपे आहे. अडकलेली पिन कुठली, हे शोधणे कष्टाचे.

बर्थाबाईंच्या वाट्याला उशिराने का होईना, मान आला. कार्ल यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात पत्नीचे ऋण मनापासून मान्य केले. ४ एप्रिल १९२९ रोजी ते लाडेनबुर्ग येथे वारले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकले होते त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद सिनेटरपद दिले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, त्यांनी डोळे मिटले. त्या प्रवासाच्या वाटेला २००८ मध्ये त्यांच्या नावाचा स्मृतिमार्ग म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या दालनात कार्ल यांचे नाव १९८४ मध्ये लागले होते. बर्थाबाईंचे लागायला २०१६ उजाडले. भांडवल घालणाऱ्या आणि ब्रेक सुधारणाऱ्या भागीदाराला बत्तीस वर्षे जास्त थांबावे लागले.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजात न्याल तेव्हा चाक खोलायला लावा आणि आतले पॅड हातात घेऊन पाहा. घरात मुलगी असेल तर तिलाही सोबत न्या, बॅटरी तिच्या हाती द्या आणि चारही पॅड तिलाच वाचू द्या.