कॉलेजमध्ये मोटरच्या ठिणग्यांवरून टेस्ला सरांना भिडला, तिथूनच ब्रशलेस मोटरचा रस्ता निघाला

रिमोटवर पळणारा ट्रक घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ब्रश्ड पाहिजे का ब्रशलेस? दोघांच्या किमतीतला फरक ऐकला की माणूस गप्पच होतो. दिसायला तर दोन्ही मोटरी सारख्याच. मग एवढे जास्तीचे पैसे कशाचे?

हा वाद जवळपास दीडशे वर्षं जुना आहे आणि तो पेटला होता कॉलेजच्या एका वर्गात. वाद घालणाऱ्या पोराचं नाव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान, जे आज क्रोएशियात आहे. वडील धर्मगुरू होते आणि पोरानंही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती. पण पोराला यंत्रांचं वेड. शेवटी १८७५ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथं प्रोफेसर पोशल यांनी एकदा ग्राम मशीन नावाचं यंत्र मोटर म्हणून चालवून दाखवलं. मोटर फिरली, पण ब्रशपाशी ठिणग्या उडायला लागल्या.

आता हे ब्रश म्हणजे काय? मोटर फिरती ठेवायची तर तिच्या आतल्या फिरत्या कॉइलमधल्या करंटची दिशा सतत उलटी करावी लागते. ते काम कम्युटेटर नावाची तांब्याची कडी करते. या कडीवर घासत करंट आत पोहोचवणारे तुकडे म्हणजे ब्रश. मिक्सरचे कार्बन गेले असं आपण म्हणतो ना, ते हेच. घासलं की झीज होते, ठिणग्या उडतात, ऊर्जा वाया जाते.

ठिणग्या बघून टेस्लानं सरळ सांगितलं की हे ब्रश काढूनच टाकता येतील. सरांनी त्यावर अख्ख्या वर्गासमोर लेक्चर दिलं आणि हे कधीच शक्य नाही असं ठरवून टाकलं. टेस्ला तेवढ्यापुरता गप्प बसला, पण डोक्यातला किडा काही गेला नाही. पुढं डिग्री न घेताच त्यानं ग्राझ सोडलं.

उत्तर सापडलं १८८२ मध्ये, बुडापेस्टच्या एका बागेत. मित्र सिगेतीसोबत फिरता फिरता त्याला एकदम सुचलं आणि तिथंच काठीनं मातीत आकृती काढून त्यानं मित्राला समजावलं.

आयडिया काय होती? वानखेडेवर मेक्सिकन वेव्ह बघितलीये ना? प्रेक्षक आपापल्या जागेवरच उठतात-बसतात, पण लाट मात्र स्टेडियमभर फिरते. तसंच कॉइल बाहेर गोलाकार पक्क्या बसवायच्या आणि त्यांना एकामागोमाग एसी करंट द्यायचा. कॉइल जागेवरच राहतात, पण चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि मधल्या भागाला सोबत ओढून नेतं. फिरणाऱ्या भागाला वायरच जोडायची नाही, म्हणजे ब्रशचं कामच संपलं.

१८८३ मध्ये त्यानं स्ट्रासबर्गला अशी मोटर बनवून चालवूनही बघितली, पण पैसे लावायला कुणी तयार होईना. १८८४ मध्ये त्यानं अमेरिका गाठली आणि एडिसनच्या कंपनीत नोकरी धरली. तिथं सगळा कारभार डीसीवर. काही महिन्यांतच ती नोकरी सुटली. मग स्वतःची कंपनी काढली, तर भागीदारांनी वाऱ्यावर सोडलं. पोटासाठी त्याला न्यूयॉर्कमध्ये चर खोदायचं काम करावं लागलं.

१८८७ मध्ये दोघा गुंतवणूकदारांनी हात दिला. १ मे १८८८ ला मोटरची पेटंट मिळाली आणि त्याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी त्यांचे हक्क घेतले. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनीही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधलं होतं. १८९६ मध्ये तर नायगारा धबधब्यावरची वीज एसीच्या रूपात बफेलो शहरात पोहोचली.

सर चुकले, टेस्ला जिंकला. पण थांबा.

१८९८ मध्ये टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि वायरशिवाय, रेडिओ लहरींवर चालवून दाखवली. बघणाऱ्यांना ही जादूच वाटली. आज पोरांच्या हातात असलेल्या रिमोटच्या गाड्यांची ही पणजीच.

गंमत अशी की ही बोट बॅटरीवर चालायची. बॅटरी देते डीसी, टेस्लाच्या मोटरला लागतो एसी. त्या काळी बॅटरीवरची मोटर म्हणजे ब्रशचीच. ज्या माणसानं ब्रश हद्दपार केले, त्यालाच बोटीसाठी ते परत घ्यावे लागले.

हे कोडं सुटायला ट्रान्झिस्टर यावे लागले. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी, करंट बदलायचं कम्युटेटरचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडून करून घेणाऱ्या डीसी मोटरवर पेपर मांडला. आजच्या ब्रशलेस ट्रकमध्ये तेच काम कंट्रोलर करतो. बॅटरीचा करंट तो मोटरच्या ३ वायरींमध्ये आळीपाळीनं सोडतो. फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात, पण त्यांना ओढणारं फिरतं क्षेत्र म्हणजे टेस्लाचीच आयडिया.

टेस्लाला हे बघायला मिळालं नाही. १८९७ मध्ये त्याच्या पेटंटचे २ लाख १६ हजार डॉलर एकरकमी मिळाले होते, पण पुढच्या प्रयोगांनी पैसा खाल्ला. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो गेला. वय ८६, सोबत कुणी नाही.

मग ट्रक कुठला घ्यायचा? पोराचा पहिलाच असेल, बजेट कमी असेल किंवा दगडांवरून हळूहळू चढवायचा असेल तर ब्रश्ड बरा. स्वस्त, साधा, २ वायरींचं काम. ब्रश झिजले की मोटर बदलायची. वेग हवा, एका चार्जमध्ये जास्त वेळ पळवायचा असेल तर ब्रशलेस. फक्त सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी हळू चालवताना अडखळते, हे लक्षात ठेवा.

आणि दुकानात नुसती मोटर बघू नका, कंट्रोलरचंही विचारा. कारण ब्रश काढले तरी त्यांचं काम कुणाला तरी करावंच लागतं. जास्तीच्या पैशातला मोठा वाटा त्याचाच असतो.